मेहंदीची रेघ

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. घरामागच्या विहिरीचे पाणी जांभ्या दगडातून पाझरलेले, आणि इतके हलके की अंगाला लावलेला साबण निघून जायला दोन तांबे पाणी जास्त लागते. लग्न होऊन घर सोडेपर्यंत मी त्याच पाण्याने न्हायले. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल चोपडलेले असायचे, रविवारी सकाळी आजी परसातल्या चुलीवर पातेले चढवून शिकेकाईच्या शेंगा उकळायची, आणि सोमवारी शाळेत जाताना दोन वेण्या. केस कमरेच्या खाली गेले होते, परंतु त्यासाठी आपण काही विशेष करतो आहोत असे मला कधी वाटले नव्हते. त्यामुळेच पुढे जेव्हा तेच केस काड्यांसारखे कोरडे झाले आणि वीतभर लांबीवर अडून बसले, तेव्हा नेमके काय बिघडले आहे हे मला बराच काळ उमगले नाही. ते उमगायला दीड वर्ष लागले आणि केस पुन्हा कमरेखाली पोहोचायला त्यापुढची साडेतीन वर्षे लागली. त्या काळात काय केले, काय चुकले आणि कशाचा उपयोग झाला, ते येथे लिहीत आहे.

आम्ही 2018 च्या जूनमध्ये सोलापूरला राहायला आलो. पतीची बदली झाली होती आणि मला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली. शहराच्या नळाला उजनी धरणाचे पाणी येते, पण ते दररोज येत नाही. म्हणून आमच्या इमारतीत नळाचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी साठवून ठेवतात आणि न्हाणीघरात बोअरचे पाणी सोडलेले असते. पहिल्या आठवड्यापासूनच शाम्पूला फेस येईना, म्हणून मी तो दुप्पट घेऊ लागले. केस वाळल्यावर हाताला राख लागल्यासारखा खरखरीतपणा जाणवे. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचत होता आणि तो मी दर पंधरा दिवसांनी लिंबाच्या सालीने घासून काढत होते, परंतु जो थर बादलीवर बसतो तोच केसांवरही बसत असणार, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दिरांचे लग्न होते. केस राठ झाले होते, नीट बसत नव्हते, म्हणून लग्नाच्या आधी मी एका पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेतले. केसांतील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. केस सरळ करताना लावलेले पहिले द्रावण ते बंध सोडवते, मग तापलेल्या इस्त्रीने केस सपाट ओढतात आणि दुसऱ्या द्रावणाने बंध नव्या ठेवणीत पुन्हा जोडले जातात. पहिले द्रावण किती वेळ ठेवायचे हे केसांची ताकद पाहून ठरवायचे असते. माझे केस आधीच कमकुवत होते, आणि द्रावण लावल्यानंतर एक फोन आल्यामुळे पार्लरमधली मुलगी बराच वेळ माझ्याकडे परतली नाही. लग्नात सर्वांनी कौतुक केले. संक्रांतीच्या सुमारास कानामागचे केस मधूनच तुटून हातात येऊ लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये मी केस कापून घेतले. मानेजवळच्या मुळापासून मोजले तेव्हा ते 18 सेंटीमीटर भरले. त्या दिवशी मी वहीत तारीख आणि तो आकडा लिहून ठेवला, आणि पुढे ती वहीच माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडली.

पहिले वर्ष मी जे कोणी सांगेल ते केले. समोरच्या भांगात चार पांढरे केस दिसू लागले होते, म्हणून दर दीड महिन्याने मेहंदी लावत असे. मेहंदी केसांना पोषक असते असेही सगळ्याच जणी म्हणत. प्रत्यक्षात मेहंदीतील रंगद्रव्य केराटिनला चिकटून बसते, केस भरल्यासारखे वाटतात, परंतु माझ्या कोरड्या केसांना ती आणखी ताठ करून जात होती, आणि मेहंदी धुवायला लागणारे तीन बादल्या पाणी पुन्हा बोअरचेच होते. रोज सकाळी केसांना वरून तेल लावून मी बाहेर पडत असे, सोलापूरची धूळ त्या तेलावर बसत असे, आणि ती काढण्यासाठी एका दिवसाआड शाम्पू करत असे. शिकेकाईच्या वडीनेही महिनाभर केस धुऊन पाहिले. वडी मुळात साबणच असते, आणि जड पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो. तो साका केसांच्या मुळाशी इतका धरला की कंगव्याच्या दातांत करड्या रंगाचे मेण साचू लागले.

पिकलेल्या केळ्याचा लेप हा त्या वर्षातला सर्वांत त्रासदायक प्रयोग ठरला. दोन केळी हाताने कुस्करून, दह्यात कालवून मी डोक्याला थापली आणि अर्ध्या तासाने धुवायला बसले. केळ्याचे तंतू आणि बारीक गोळे केसांत वाळून असे चिकटले होते की पाण्याने ते हलेनात. सासूबाई स्टुलावर बसल्या, मी त्यांच्यापुढे पाटावर, आणि त्या एकेक बट हातात घेऊन नखांनी कण काढू लागल्या. दोन तास लागले. काढताना किती केस तुटले ते पाटाभोवती दिसतच होते. "यापुढे जे खायचं ते खा, डोक्याला लावू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मी ते आजवर पाळले आहे. कोरफडीचा गर, अंडे, मेथीचे वाटण यांच्याबद्दलही माझे मत पुढे तेच झाले. लावल्यावर केस तासभर मऊ वाटतात, पण तो लेप काढण्यासाठी जे चोळावे लागते त्यात कोरड्या केसांचे नुकसानच जास्त होते.

फेब्रुवारी 2020 मध्ये पुन्हा मोजले तेव्हा केस 24 सेंटीमीटर होते. माणसाचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षात बारा ते पंधरा. माझ्या वहीत मात्र सहाच जमा झाले होते. माझ्या केसांची वाढच मंदावली आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली आणि वाढीची तेले, वाढीच्या गोळ्या यांच्या शोधाला लागले.

त्या शिमग्याला मी शेवटची मेहंदी लावली. पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली, बाहेर जाणे संपले, आणि मेहंदी भिजवण्याचा उत्साहही ओसरला. ऑगस्टमध्ये एका दुपारी गॅलरीत उभी राहून वेणी सोडत असताना मुलीने विचारले, "आई, तुझे केस दोन रंगांचे का आहेत?" आरशासमोर जाऊन पाहिले, तर मुळापासून काही अंतरापर्यंत केस काळे होते आणि तिथे एक रेघ ओढल्यासारखी होऊन पुढचा सगळा भाग तांबूस. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी तो काळा भाग मोजला. तो सहा सेंटीमीटर भरला. शिमग्यापासून पाच महिने झाले होते. याचा अर्थ केस अगदी व्यवस्थित, महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या हिशेबाने वाढत होते. मग पूर्ण लांबी मोजली, तर ती फेब्रुवारीत होती तेवढीच, 24. वरून जेवढे आले होते तेवढेच खालून गेले होते. दीड वर्ष मी मुळांवर उपाय करत होते आणि दुखणे टोकांना होते.

खात्री करून घेण्यासाठी मी त्या आठवड्यात गळलेल्यांपैकी काही केस एका पांढऱ्या कागदावर गोळा केले. मुळातून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला पांढुरकी, खसखशीच्या दाण्याहूनही लहान गाठ असते. तुटलेल्या केसाला ती नसते. दिवसाला पन्नास ते शंभर केस मुळातून सुटणे हे नैसर्गिकच आहे. माझ्या कागदावरच्या साठ केसांपैकी गाठ असलेले बावीस होते. उरलेले अडतीस आखूड तुकडे होते, कोणी बोटाएवढे, कोणी करंगळीच्या पेराएवढे. मग महाविद्यालयात कामासाठी बोलावले तेव्हा एक लांब केस पाकिटात घालून नेला, काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शंभर पटींनी मोठा करून पाहिला. मुळाकडचा भाग काचेच्या नळीसारखा सरळ काठाचा होता. टोकाकडे सरकत गेले तसा काठ उसवलेला दिसू लागला, आणि एका जागी, जिथे नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका दिसत होता, तिथे दोन केरसुण्या समोरासमोर एकमेकींत खुपसाव्यात तसे केसाचे तंतू विस्कटलेले होते. त्या ठिपक्याला बोट लागले असते तरी केस तिथे तुटला असता. पाठ्यपुस्तकातली केसाची आकृती मी कितीदा फळ्यावर काढली होती, परंतु ती स्वतःच्या डोक्याला लावून पाहण्याची वेळ त्या दिवशी आली.

केसाच्या बाहेरच्या आवरणावरचे खवले आमच्या कोकणातल्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, त्यांचे तोंड टोकाकडे असते. कौले जागेवर असली की आतला ओलावा टिकतो आणि केस एकमेकांवरून सहज घसरतात. ती सरकली, फुटली, की केस कोरडा, खरखरीत आणि गुंतणारा होतो. त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल मुळाकडच्या काही बोटांपर्यंतच पोहोचते, टोकांच्या वाट्याला ते येतच नाही. आणि केस हा मृत पदार्थ असल्यामुळे एकदा मोडलेले आवरण आतून भरून निघत नाही. खांद्याखाली आलेल्या केसाचे टोक दीड-दोन वर्षांचे असते, कमरेशी आलेल्या केसाचे चार वर्षांचे. चार वर्षे जे कापड उन्हात वाळले आणि दगडावर आपटले गेले, ते पेटीतल्या नव्या कापडासारखे कसे हाताळून चालेल? मुळे आणि टोके यांची निगा वेगवेगळी असली पाहिजे, एवढे मला त्या पावसाळ्यात पक्के समजले आणि पुढचे सगळे बदल त्यातूनच आले.

सुरुवात पाण्यापासून केली. सोसायटीने बोअरचे पाणी तपासून घेतले होते, त्याचा कागद सचिवांकडून मागून घेतला. एकूण काठिण्य लिटरमागे 640 मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ही मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. दख्खनच्या काळ्या खडकातून मुरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. शाळेत यालाच आपण दुष्फेन पाणी म्हणतो. माहेरच्या जांभ्यातले पाणी आणि हे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. नळाला लावायची एक गाळणी मी दुकानदाराच्या शब्दावर विकत घेतली, परंतु तिने फेसात काहीही फरक पडला नाही. क्षार खरोखर कमी करायचे तर रेझिन भरलेले आणि अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावे लागणारे यंत्र लागते, आणि ते भाड्याच्या घरात बसवणे आम्हाला शक्य नव्हते. तेव्हा मी साधा मार्ग धरला. केस धुण्याच्या दिवशी नळाच्या साठवलेल्या पाण्यातले पाच लिटर वेगळे काढायचे. पहिला मळ बोअरच्या पाण्याने काढायचा आणि शेवटचे सगळे खळबळणे या पाच लिटरांत उरकायचे. पावसाळ्यात गॅलरीच्या पन्हळीखाली बादली लावून धरलेले पाणी तर आणखी उत्तम. शिवाय महिन्यातून एकदा, ज्याच्या घटकांत डायसोडियम ईडीटीए आहे असा शाम्पू, कारण तो पदार्थ क्षार धरून ठेवतो आणि केसांवरून उतरवतो. पहिल्या धुण्यातच राखेसारखा तो खरखरीतपणा निम्म्याने कमी झाला. इतर कोणत्याही उपायाने मला इतक्या लवकर फरक दाखवला नाही.

तेलाच्या बाबतीत आजीची पद्धत बरोबर होती आणि माझी चुकीची. ती न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावायची. मी न्हाल्यानंतर लावत होते. पाणी लागले की केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यात, त्यावर कंगव्याच्या ओढीत, त्याचे प्रथिन झिजते. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते आणि ही झीज कमी करते. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारे संशोधन मुंबईतल्या रेले आणि मोहिले यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर लावल्यावर प्रथिनांची झीज कमी करणारे खोबरेल हेच एक तेल आढळले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करणारे होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. मीही ठेवले, आणि तरीही माझ्या टोकांवर त्याचा प्रत्यय घेतला. वाटीत दोन चमचे खोबरेल घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, कारण थंडीत ते थिजलेले असते, आणि तेल प्रथम टोकांना, मग मधल्या लांबीला, आणि बोटांना उरलेले टाळूला. पूर्वी मी पळीभर तेल टाळूवर ओतून चोळत असे आणि टोकांपर्यंत पोहोचायच्या आत ते संपलेले असे. तेलाने केस वाढतात असे मी आता म्हणणार नाही. धुण्याच्या माराला केस तोंड देतात, आणि मला तेवढेच हवे होते.

शिकेकाईकडे मी मोठ्या आशेने परत गेले, कारण तिच्याशी माझे बालपण जोडलेले आहे. परंतु बाजारची दळलेली पूड आणि आजीचा काढा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुडीचे बारीक कण ओल्या केसांत अडकतात आणि चोळताना काचपेपरासारखे काम करतात. त्यात रिठा जास्त घातलेला असेल तर तो तेलाबरोबर केसांची उरलीसुरली स्निग्धताही काढून नेतो. आईने गावाहून अख्ख्या शेंगा आणि आवळकाठी पाठवली; ती रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळून घेतली, तेव्हा आजीच्या काढ्यासारखे काहीतरी जमले. त्याने केस स्वच्छ होतात आणि फार कोरडे पडत नाहीत. मात्र नोकरी करताना दर आठवड्याला हे जमत नाही हे मान्य करून मी सौम्य शाम्पू पाण्यात मिसळून फक्त टाळूला लावण्याची सवय केली. खाली ओघळणाऱ्या फेसात लांबी आपोआप धुतली जाते. आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा. पाणी कोमटच, कारण कढत पाण्याने कोरडे केस आणखी कोरडे पडतात.

कंडिशनर मी तोवर कधी वापरले नव्हते. ते केमिकल आहे, एवढ्यावरच आमच्या घरात तो विषय संपत असे. परंतु झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असल्यामुळे, जिथे केस जास्त झिजलेला आहे नेमक्या तिथेच ते जास्त चिकटतात, हे वाचल्यावर मला त्यामागचा विचार पटला. मानेपासून खाली लावून, बोटांनी पसरवून, तीन मिनिटे ठेवून नळाच्या पाण्याने धुतले की ओले केस एकमेकांवरून घसरू लागतात. परंपरेतले सगळे चांगले आणि बाटलीतले सगळे वाईट, ही वाटणी मी तेव्हापासून सोडून दिली.

केस विंचरण्याविषयी आजीचे एक वाक्य होते. मी घाईघाईने वरून खाली फणी ओढू लागले की ती म्हणायची, "अगो, आधी टोकं सोडव, मग वर चढ." वीस वर्षांनी मी तिचे ऐकले. शिसवीची रुंद दातांची फणी घेतली. शेवटची चार बोटे आधी मोकळी करायची, मग त्याच्या वरची चार, असे करत मुळाशी पोहोचायचे. गुंता लागला तर फणी बाजूला ठेवून बोटांनी, थेंबभर तेल लावून सोडवायचा. ओला केस ताणला की लांबतो आणि लवकर तुटतो, म्हणून विंचरणे न्हाण्यापूर्वी, आणि नंतर केस बव्हंशी वाळल्यावरच. या एका बदलाने फणीत येणारे आखूड तुकडे महिन्याभरात निम्म्यावर आले. शेजारच्या मावशींनाही मी हेच सांगितले, आणि त्यांचा अनुभवही तसाच आला.

सोलापूरच्या टर्किश टॉवेलांचा मला अभिमान आहे, ते आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी भेट देते, परंतु डोक्यावरून ते मी काढून टाकले. त्यांच्या उंच वेटोळ्यांत उसवलेली टोके अडकतात, आणि आपण वर खसाखसा चोळतो. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा आता त्या कामाला आहे. केस त्यात गुंडाळून दहा मिनिटे नुसते दाबून ठेवायचे, झटकायचे नाहीत, पिळायचे नाहीत. रात्री सैल वेणी घालून झोपते. उशीचा सुती अभ्रा केस ओढत असे, म्हणून आईच्या विरलेल्या रेशमी साडीचा अभ्रा शिवून घेतला. पदराची आणि काठाची जरतार केसांत अडकते, म्हणून फक्त मधल्या अंगाचे कापड घेतले. महाविद्यालयात स्कूटीवरून जाताना वेणी ओढणीच्या आत घेऊन, अंबाडा घालून, वर सुती स्कार्फ बांधते. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या वर जातो, ते ऊन आणि तो कोरडा वारा उघड्या वेणीला लागला तर आठवडाभराची मेहनत एका दिवसात वाया जाते. नुसते रबरबँड घरातून हद्दपार झाले. कापड गुंडाळलेली बंधने वापरते.

टोके कापण्याबाबत माझ्या मनात भीती होती, कारण एक-एक सेंटीमीटर मी वहीत मोजत होते. टोके कापल्याने मुळांची वाढ वाढत नाही, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु फाटा फुटलेले टोक तसेच ठेवले तर तो फाटा वर चढत जातो आणि शेवटी अधिक लांबी नेतो. म्हणून दर तीन महिन्यांनी एक सेंटीमीटर कापायचे ठरवले, केसांसाठीच ठेवलेल्या धारदार कात्रीने. घरातली भाजीची कात्री केस चिरडते, आणि चिरडलेल्या जागी पुन्हा फाटा फुटतो. कापलेले तांबूस तुकडे वर्तमानपत्रावर पडत, आणि वरचा काळा भाग तेवढा लांबलेला असे.

मध्यंतरी, 2021 च्या अखेरीस, कागदावरचा हिशेब उलटला. गाठ असलेले केस एकाएकी वाढले, रोज मूठभर येऊ लागले. आता दुखणे टोकांचे नव्हते, आणि ते तेला-फणीने जाणारेही नव्हते, म्हणून मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रक्त तपासायला सांगितले. थायरॉइड ठीक होते. हिमोग्लोबिन कमी आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फारच कमी. पाळीत जास्त रक्त जात होते आणि त्याकडे मी वर्षभर लक्ष दिले नव्हते. त्यांनी दिलेल्या गोळ्या सहा महिने घेतल्या आणि गळती ओसरली. केस मुळातून जात आहेत की मधून तुटत आहेत, हे ज्या स्त्रीला कळत नाही ती चुकीच्या दारावर फार काळ थांबते. मी स्वतः थांबले होते, म्हणून हा पांढऱ्या कागदाचा प्रयोग मी भेटेल त्या प्रत्येकीला करायला लावते.

वहीतले आकडे पुढे असे आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये 27, 2022 मध्ये 35, 2023 मध्ये 44 आणि 2024 मध्ये 53. वर्षाला बारा-तेरा सेंटीमीटर वाढत होते, चार ठरवून कापले जात होते, थोडेफार अजूनही तुटत होते, आणि उरलेले टिकत होते. पहिल्या सहा महिन्यांत आरशात काहीच फरक दिसत नसे. त्या काळात मला धीर दिला तो मेहंदीच्या रेघेने, कारण दर महिन्याला ती एक बोट खाली सरकलेली असे. ती कानापाशी होती, मग खांद्यापाशी आली, पुढे वेणीच्या मधोमध आली आणि नंतर वेणीच्या शेपटात फक्त एक तांबूस झुपका उरला.

केस आजही कोरड्या प्रकृतीचेच आहेत. ते रेशमासारखे झालेले नाहीत, दमट हवेत कोकणात गेले की फुलतात आणि डिसेंबरात सोलापुरात असले की तडतडतात. एक आठवडा आळस केला, शेवटचे पाणी बोअरचे वापरले, तर टोके लगेच सांगतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी आणखी उशिरा येऊ लागते, टँकर मागवावे लागतात, तेव्हा पाच लिटरांचे तीन लिटर होतात. अशा वेळी केस धुणे दहा दिवसांवर ढकलते, पण शेवटचे पाणी बदलत नाही.

वहीत 53 लिहिले त्याच 2024 च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मुलीने कात्री हातात घेतली. तेव्हा ती नववीत होती आणि तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. मी खुर्चीवर ताठ बसले, तिने वेणी सोडून केस पाठीवर पसरले, टोकांशी कंगवा आडवा धरला आणि तो तांबूस झुपका तेवढा कापला. वर्तमानपत्रावर पडलेले तुकडे तिने माझ्यासमोर आणून धरले. चार वर्षांपूर्वीच्या शिमग्याचा रंग अजून त्यांच्यावर होता. मग तिने मानेपासून टेप लावली आणि म्हणाली, "बावन्न. आता सगळे एकाच रंगाचे आहेत." मी वही उघडून तारीख घातली आणि 52 लिहिले.